गोन्सालोला मिळालेला नकार

आमच्या घराच्या मागच्या दाराशी, चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या कोनाड्यात टवका गेलेला एक कप असायचा. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये जो वाढला त्याला तो कप कोणासाठी, हे सांगावे लागत नाही. पहाटे पूर्वेकडच्या डोंगराखालून, सातिवली-गोखिवऱ्याच्या बाजूने, वारली बाया डोक्यावर मोळ्या घेऊन यायच्या. रूळ ओलांडून केळीच्या वाड्यांमधून घरोघर फिरायच्या. मोळी उतरवून पैसे ठरले की माझी आजी त्यांना चहा द्यायची, कधी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण द्यायची. आजीचा हात सैल होता. संध्याकाळी आम्हा सगळ्या नातवंडांना गुडघ्यांवर बसवून ती रोझरी म्हणवून घ्यायची आणि शेवटी गोरगरिबांसाठी वेगळी प्रार्थना करायची. पण मोळीवालीचा चहा त्याच कपात. पिऊन झाला की ती बाई स्वतःच तो विसळायची आणि कोनाड्यात उपडा ठेवायची. तिला कोणी सांगायचे नाही. तिला माहीत होते.

त्याच घरात, आल्तारावर, येशूच्या पवित्र हृदयाशेजारी संत गोन्सालो गार्सियाची तसबीर होती. वसईचा संत, आमच्या मातीतला पहिला. तो कप आणि ती तसबीर यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कळायला मला निम्मे आयुष्य लागले.

गोन्सालोचा जन्म वसईच्या किल्ल्यातला, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली, त्याला तेव्हा जेमतेम वीसबावीस वर्षे झाली होती. किल्ला पुढे श्रीमंत होत गेला, पण त्याची तटबंदी केवळ शत्रूसाठी नव्हती. आत पोर्तुगीज सरदार-दरकदारांची घरे, त्यांच्या दिमतीला आफ्रिकेहून आणलेले गुलाम, आणि बाहेर वाड्यांमध्ये नव्याने बाप्तिस्मा झालेली शेतकरी-कोळी कुटुंबे. आतले आणि बाहेरचे एकाच देवाची मिस्सा ऐकत होते.

किल्ल्यात येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइटांची, शाळा होती. गोन्सालो तिथे शिकला, पंधरा-सोळा वर्षांचा असताना येशूसंघीय पाद्रींबरोबर जपानला गेला. पोरगा हुशार होता. जपानी भाषा त्याने अशी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून त्याची मागणी होऊ लागली. पाद्री उपदेश करायचे, लोकांपर्यंत तो पोहोचवायचा गोन्सालो. सुमारे आठ वर्षे त्याने ही सेवा केली. त्याला एकच गोष्ट हवी होती, येशूसंघात प्रवेश. त्याने पुन्हा पुन्हा विचारले आणि पुन्हा पुन्हा नकार आला.

का, याचे उत्तर त्या काळच्या येशूसंघाच्या धोरणात आहे. केरळचा पेरो लुइस नावाचा एक ब्राह्मण तरुण १५६१ मध्ये संघात घेतला गेला आणि १५७५ मध्ये धर्मगुरू झाला. त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे हे दार भारतीयांना बंदच राहिले. पूर्वेकडच्या सगळ्या येशूसंघीय कामाचा पर्यवेक्षक होता इटालियन धर्मगुरू अलेस्सान्द्रो वालिन्यानो. मोठा विद्वान माणूस. जपानी आणि चिनी संस्कृतीचा मान राखायला युरोपीय मिशनऱ्यांना त्यानेच शिकवले. जपानी तरुणांना संघात घेतले पाहिजे असा आग्रह त्याने धरला, कारण त्याच्या लेखी जपानी माणूस गोऱ्यांत मोडत होता. भारतीय आणि आफ्रिकी माणूस मात्र काळा, म्हणून कमी बुद्धीचा, सेवा करण्यासाठीच जन्मलेला. मिश्र रक्ताच्या लोकांना घेतलेच तर अगदी मोजके घ्यावे, असे त्याचे मत. किती गोरे रक्त आणि किती देशी, याची त्याने जणू उतरंडच मांडली होती.

वालिन्यानो क्रूर नव्हता, अडाणी तर मुळीच नव्हता, आणि मला अस्वस्थ करते ते हेच. तो शुभवर्तमान रोज वाचत होता. गलतीकरांच्या मंडळीला पौलाने लिहिलेले पत्र त्याला पाठ असणार. ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही, असे त्या पत्रात स्पष्ट आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्येच जाहीर केले होते की नव्या जगातले मूलनिवासी ही खरी माणसे आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही. पण त्याच रोमने १४५५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेतल्या लोकांना कायमचे दास करण्याची मोकळीक दिली होती. या जुन्या फर्मानांतून उभ्या राहिलेल्या सिद्धांताशी आपला संबंध नाही असे व्हॅटिकनने अधिकृतपणे सांगितले ते ३० मार्च २०२३ रोजी. श्रद्धेला न्याय कळायला कधी कधी इतका वेळ लागतो, आणि त्या वेळाची किंमत दुसरेच कोणी मोजत असतात.

नकारानंतर गोन्सालोने व्यापार केला. व्यापार चांगला चालला, जपान आणि आसपासच्या बंदरांत त्याची ओळख झाली. पण मन त्यात नव्हते. तो फिलिपाइन्समध्ये मनिलाला गेला आणि तिथल्या फ्रान्सिस्कनांनी त्याला धर्मबंधू म्हणून घेतले. धर्मगुरू नव्हे, धर्मबंधू. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला कधीच मिळाला नाही.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे एक शिष्टमंडळ पाठवले. प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता आणि त्यांचा दुभाषा गोन्सालो. ज्या भाषेच्या बळावर त्याने पूर्वी सेवा केली, त्याच भाषेने तो पुन्हा जपानात आला, आता अंगावर झगा घालून. क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला आणि जोडीला कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे. गोन्सालो तिथे राबला.

१५९६ च्या शरद ऋतूत ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरच्या मालावरून आणि स्पेनच्या हेतूंविषयीच्या संशयावरून हिदेयोशी बिथरला. डिसेंबरात मठाला पहारा बसला. जानेवारी १५९७ मध्ये पकडलेल्यांचे क्योतोत डावे कान छाटले आणि त्यांना भर थंडीत नागासाकीपर्यंत, आठशे किलोमीटरांहून लांब, गावोगाव दाखवत नेले. वाटेत दोघे आणखी सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा.

त्या सव्वीसांत तीन जपानी येशूसंघीय होते. सर्वांत प्रसिद्ध पॉल मिकी, संघाचा उमदा वक्ता. म्हणजे ज्या संघाने मिकीला जपानी म्हणून घेतले आणि गोन्सालोला आईच्या रक्तापायी बाहेर ठेवले, त्या संघाचा माणूस आणि तो नाकारलेला माणूस एकाच टेकडीवर, एकाच रांगेत, एकाच सकाळी मेले. भाला मारणाऱ्याने कोण कुठल्या रंगाचा हे विचारले नाही.

चर्चने १६२७ मध्ये गोन्सालोला धन्यवादित घोषित केले, ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीसांना संतपद दिले. निशिझाकावर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात सव्वीसही जणांच्या ब्राँझच्या आकृती एका ओळीत आहेत. आणि इकडे वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या पवित्र नामाच्या चर्चचे जे भग्न अवशेष आहेत, उंच दर्शनी भिंत आणि वर उघडे आभाळ, त्याला लोक आज गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणतात. ज्यांनी त्याला आत घेतले नाही त्यांच्या घरावर त्याचे नाव लागले.

हा नकार गोन्सालोच्या एकट्याच्या वाट्याला आला असे नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश दे कास्त्रो महाले यांनाही गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. ते खुष्कीच्या मार्गाने रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले, १६३७ मध्ये बिशप झाले आणि मग परतले. पोर्तुगीज वरिष्ठांनी त्यांना अखेरपर्यंत स्वस्थ बसू दिले नाही. पण कास्त्रो महाले यांची गोष्ट सरळ नाही. पोर्तुगिजांच्या वर्णगर्वाविरुद्ध लढताना त्यांचा आधार स्वतःचे ब्राह्मण असणे हाच होता. गोऱ्यांच्या उतरंडीला उत्तर म्हणून त्यांनी आपली जुनी उतरंड पुढे केली.

इथे माझ्या आजीचा कप पुन्हा दिसू लागतो. वसईतल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातही विहिरीच्या पाण्यासारखी बरोबर आली. कुपारी, वाडवळ, कोळी. देव एक, मिस्सा एक, पण सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न ‘आपल्यातला का?’ नगर-जालन्याकडे महार-मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्यांनी हे जास्त कडू चाखले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यासाठी ते सरकारशी भांडतात, आणि भांडावेच. पण आपल्याच घरात अस्पृश्यता आहे हे भारतातल्या कॅथलिक बिशपांनी एका धोरणपत्रात लेखी कबूल केले ते २०१६ मध्ये. वंशाचा अन्याय आणि जातीचा अन्याय हे एकाच रोगाचे दोन प्रकार आहेत, हे मराठीत पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडले जोतीराव फुल्यांनी. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने १८७३ चे ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज पाद्री निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती गावांना सांभाळले ते गोव्याकडून आलेल्या देशी धर्मगुरूंनी. काळ्या माणसाच्या हातात धर्म टिकणार नाही असे ज्यांना वाटले होते, त्यांच्या पश्चात तो काळ्याच माणसांनी टिकवला. आमची प्रार्थना, आमची गाणी, आमची नावे सगळे त्यांच्यामुळे उरले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. माझी आजी तोवर आयुष्यभर न कळणाऱ्या भाषेत ‘आमेन’ म्हणत आली होती.

त्या परिषदेने आणखीही काही ढवळून काढले. जगातला अन्याय ही चर्चच्या दाराबाहेरची बाब नाही, असे धर्मगुरू उघड बोलू लागले. १९७५ मध्ये येशूसंघाने आपल्या सर्वोच्च सभेत ठरवले की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणे तिच्यापासून तोडता येणार नाही. हो, तोच येशूसंघ. हा ठराव मला पश्चात्तापाइतकाच मोलाचा वाटतो, कारण तो फार लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात कामाला लागला. तलासरीला येशूसंघीयांची ज्ञानमाता सदन ही संस्था वारली मुलांना शिकवत होती. तिथे काम करणारे धर्मगुरू पीटर डिमेलो यांना शाळा पुरेशी वाटेना. मुलगा शिकतोय, पण त्याचा बाप जंगलखात्याच्या लेखी अतिक्रमण करणारा आहे आणि सावकाराच्या लेखी गडी. डिमेलो संघातून बाहेर पडले, प्रदीप प्रभू या नावाने आदिवासींमध्ये राहिले, आणि १९७८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर डहाणू भागात कष्टकरी संघटना उभी केली.

त्या काळचा वारली गडी म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्या शेतावर राबायचे. याला ‘लग्नगडी’ म्हणत. हिशेब जमीनदाराच्या वहीत, म्हणून तो फिटत नसे. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा, पण कायदा झाला म्हणून गडी सुटला असे नाही. वसई तालुक्यातच विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन केली ती उसगावच्या बाजूच्या वेठबिगारांना सोडवता सोडवता. ही मंडळी ख्रिस्ती नव्हेत. त्यांचे नाव इथे घेतो, कारण आमच्याच तालुक्यात माणसे गहाण पडलेली असताना आमची चर्चे भरलेली होती, हे मी विसरू इच्छित नाही.

प्रदीप प्रभूंनी जंगलजमिनीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. आदिवासीकडे कागद नसतो. तो ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसतो एवढाच त्याचा पुरावा. जंगलखात्याने केलेल्या दंडाची पावती नाही म्हणून दावा फेटाळू नका, इतर पुरावाही बघा, अशी दिशा त्या खटल्यातून १९९१ मध्ये मिळाली. तोच विचार वनहक्क कायदा २००६ आणि त्याच्या २००८ च्या नियमांत आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन त्या कुटुंबाच्या नावे होऊ शकते. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. आणि पुराव्यांच्या यादीत एक फार सुंदर गोष्ट आहे: गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदन. म्हातारीचे बोलणे म्हणजे कागद.

आमच्या पश्चिम वसईत न्यायाचा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामांसाठी खुला होऊ लागला, टँकरवाले विहिरींचे पाणी उपसून विकू लागले, केळीच्या वाड्या खारट पडू लागल्या. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात उतरले, धमक्या झेलल्या, मोर्चे काढले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू जुलै २०२४ मध्ये गेला. पाण्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न त्यांना बायबलमधलाच वाटत असे. मला त्यांचे देणे मानावे तेवढे थोडे आहे. तरी एक बोलले पाहिजे. आम्ही पश्चिमेची हिरवळ वाचवायला एकत्र आलो, तशी आमची माणसे पूर्वेसाठी एवढ्या संख्येने कधी रस्त्यावर उतरली नाहीत.

पूर्व म्हणजे सातिवली. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौघे बसायचे, गोखिवरे मागे टाकायचे, की महामार्गाच्या अलीकडे औद्योगिक गाळे सुरू होतात. पत्र्याचे छप्पर, बाहेर प्लॅस्टिकच्या दाण्यांची पोती, आत साचे आणि प्रेस. पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या मुली उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंडच्या. दोन गाळ्यांमागे चाळ, चाळीच्या दारात पाण्याचे निळे पिंप, पिंपावर पोरे बसलेली. आणि त्याच्याही मागे, तुंगारेश्वरच्या पायथ्याला, ज्यांची ही जमीन मुळात होती त्यांचे पाडे. याकोबाच्या पत्रात मंडळीला एक साधा प्रश्न टाकला आहे: सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातला आला की त्याला उभे करता, हे काय? झारखंडची ओराँव मुलगी रविवारच्या मिस्सेला येऊन शेवटच्या बाकाच्याही मागे, भिंतीला टेकून उभी राहताना मी पाहिली आहे. पुढची बाके रिकामी होती. तिला कोणी सांगितले नव्हते. तिला माहीत होते.

मागच्या उन्हाळ्यात वनहक्काचे अर्ज भरणाऱ्या एका मित्राबरोबर मी त्या पाड्यांपैकी एकावर गेलो होतो. एका म्हाताऱ्या वारली बाईचे निवेदन लिहून घ्यायचे होते. मित्राने विचारले, ही शेती कधीपासून? तिने साल सांगितले नाही. तिने उठून बांधावरचा आंबा दाखवला, तो सासऱ्याने लावला. ओढ्याच्या वळणाला दगड दाखवला, तिथपर्यंत नाचणी व्हायची. आणि मोठा पाऊस होऊन ओढा फुटला त्या वर्षी तिचा थोरला रांगत होता, हे सांगितले. मित्र लिहीत गेला. पानभर झाले. मग तिने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

मी कुठला, हे तिने विचारले. मी गावाचे नाव सांगितले. ती हसली. त्या गावात ती मोळ्या घेऊन येत असे, म्हणाली, चर्चजवळच्या विहिरीवरून वळून. कोणाकोणाच्या घरी, तेही तिला आठवत होते. माझ्या आजीचे घर तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझा धीर झाला नाही.

सुनेने आतून चहा आणला. स्टीलचे चार पेले, सगळे सारखे, एका ताटलीत. म्हातारीने एक माझ्या हातात दिला, एक मित्राला, एक सुनेला, आणि उरलेला स्वतः घेऊन माझ्याशेजारी बसली. चहा झाल्यावर मी ओट्याच्या कडेला बादली दिसली तिकडे पेला विसळायला उठलो. तिने माझ्या हातातून तो काढून घेतला.